खंडेनवमीनंतर बंद पडलेलं भांड्यांचं मशीन

भांडी धुवायला मशीन लागतं, हे मला आमच्या पोरानं शिकवलं. पोरगा माण गावाजवळच्या कंप्युटरच्या कंपनीत आहे. दिवसभर खुर्चीत बसतो आणि घरी आला की दमलो म्हणतो. मी चाकणला पत्रा कापायच्या पॉवर प्रेसवर उभा राहून आयुष्य काढलं. असो.

हे मशीन मी घरात येऊ दिलं ते फक्त बायकोच्या हातांकडं बघून. साबणानं तिच्या बोटांना अशा चिरा पडल्या होत्या की मीठ लागलं तरी डोळ्यांत पाणी यायचं. डॉक्टरनं बजावलं, साबणाच्या पाण्यात हात घालायचा नाही. मग पिंपळे गुरवच्या आमच्या फ्लॅटात ओट्याखाली हे कपाटाएवढं मशीन येऊन बसलं. ताट धुवायला तास-दीड तास घेतं. एवढ्या वेळात आम्ही कंपनीत गाडीभर माल काढायचो.

दसऱ्याच्या दिवशी दुपारी सगळ्यांची जेवणं झाली. श्रीखंडाची पातेली, पुऱ्यांची कढई, ताटांचा ढीग. पोरानं मशीनवरचा झेंडूचा हार काढून बाजूला ठेवला, भांडी भरली, बटण दाबलं. मशीनचा लाइटच लागेना.

मग सुरू झाला तमाशा. पोरानं मोबाइलवर व्हिडिओ लावला. त्यात कुणीतरी गोरा माणूस हातवारे करत होता. पोरगा दार उघडतोय, लावतोय, परत उघडतोय. सूनबाई म्हणाल्या, "अहो, एमसीबी बघा ना." मीटरजवळचा एमसीबी ठीक होता, पडला नव्हता. मशीनच्या कंपनीला फोन लावला, तर तिकडून नुसतं गाणं वाजत राहिलं.

"सरक," मी म्हणालो. टेस्टर आणला, ओट्यावरच्या बोर्डात घातला. पेटला. "करंट आहे. मशीनच मेलंय. भंगारात घाल."

"आबा, वर्षसुद्धा झालं नाही घेऊन!"

"आमचा प्रेस मी कामाला लागायच्या आधीपासून चालत होता. हे असलं पत्र्याचं खेळणं!"

आमचं हे चाललेलं असताना मागं नळ सुटल्याचा आवाज आला. बघतो तर बायको पदर खोचून कढई घासायला लागलेली. बोटं लाल.

"ए, ठेव ते!"

"मग कोन धुनार? तुमी?"

उभ्या जन्मात मी चहाचा कप विसळलेला नाही आणि ते तिला पक्कं ठाऊक.

"आन् मला सांगा," ती म्हणाली, "तुमी मशीन चालू कधी करनार हाय? काल पूजा झाल्यावर मी त्याचं भिंतीवरचं बटन बंद करून ठेवलंय. त्या पिठाच्या डब्यामागं हाय."

पोरानं मशीनशेजारचं कपाट उघडून डबा सरकवला. मशीनची पिन तिथं आतल्या बोर्डात होती, बटण बंद. वरच्या बोर्डाशी तिचा काही संबंधच नव्हता.

"आई, सांगायचं नाही का?"

"इचारलं का कुनी? दोघं बापलेक नुसतं नाचत होता. आन् तुझे आबाच सांगायचे की, पूजेचं मशीन बंद ठेवायचं, नारळ फोडून सगळ्यात जुन्या मानसानं चालू करायचं. मी सकाळपासून वाट बघतीय."

खरं होतं ते. खंडेनवमीला आमच्या शॉपमध्ये मशीन धुऊन, हार घालून मेन स्विच पाडायचे. मग दसऱ्याला सकाळी नारळ फुटल्यावर सगळ्यात जुना कामगार तो उचलायचा. शेवटची काही वर्षं तो मान माझा होता. घरी येऊन मी दर वर्षी तिला हेच ऐकवायचो.

पोरगा बटणाकडं हात न्यायला लागला. "हात लावू नकोस," मी म्हणालो. "नारळ आण."

"आबा, डिशवॉशरला नारळ?"

"तुझ्या व्हिडिओतल्या गोऱ्यानं चालू झालं का?"

बाल्कनीत नारळ फोडला, गुडघे टेकून खाली बसलो आणि बटण दाबलं. मशीन गुरगुरलं. काय तो आवाज, त्यापेक्षा मांजर बरं!

बायकोनं कढई तशीच खाली ठेवली आणि हात पुसले. मी तिच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला. "पुढच्या वर्षी सकाळीच सांग," म्हणालो.

"पुढच्या वर्षी," ती म्हणाली, "इसरू नका."