सिस्टरांचे शहाण्णव

सिस्टर कॉफी फेटायला बसल्या की आमच्या सगळ्या मजल्याला कळायचं. स्टीलच्या पेल्यात दीड चमचा कॉफी, एक चमचा साखर, चार थेंब पाणी आणि मग चमच्याची टकटक. मी एकदा मोजली, एकशे चाळीस भरली. कोपरीतल्या आमच्या इमारतीत बाकी सगळे चहा पिणारे. कोणी छेडलं तर त्या म्हणायच्या, "चहा पिऊन माणूस गप्पा मारतो. कॉफी पिऊन ड्यूटी करतो."

सरकारी इस्पितळात चौतीस वर्षं नर्स म्हणून काम करून त्या निवृत्त झाल्या होत्या. दारावर नावाची पाटी होती, पण ते नाव कोणी घेत नसे. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही, कल्याणला एक भाची. समोरच्या खोलीत बुद्धाची तसबीर आणि तिच्याखाली थर्मामीटर, बँडेज, बीपीचं मशीन. इमारतीत कोणाला ताप आला की डॉक्टरच्या आधी सिस्टर.

मी एका कारखान्यात स्टोअर्स सांभाळतो. दिवसभर माल मोजणं आणि लिहिणं हेच काम. त्यामुळे त्यांची एक गोष्ट मला फार पटायची. त्या म्हणायच्या, "ज्या चार्टवर रोज सगळं सारखं असतं ना भाऊ, तो चार्ट पेशंटजवळ न जाता भरलेला असतो. जिवंत माणसाचा आकडा हलतो."

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत मी आजारी पडलो. बायको आणि मुलगी डोंबिवलीला सासूबाईंकडे अडकलेल्या, घरात मी एकटा. सिस्टरांनी आमच्या दोघांच्या दारांमध्ये एक स्टूल ठेवलं. सकाळ-दुपार-संध्याकाळ त्यावर कॉफीचा कप यायचा. मी घ्यायला दार उघडलं की त्या आपल्या दारातूनच शिकवायच्या, "आधी कप दोन्ही हातांत धरा. बोटं गार असली की मशीन खोटं बोलतं. गरम झाली की मग लावा." मी ऑक्सिजनचं मशीन बोटाला लावायचो, आकडा ओरडून सांगायचो आणि वहीत लिहायचो. त्र्याण्णव. पंच्याण्णव. ब्याण्णव. चौऱ्याण्णव.

मला कशालाच वास येत नव्हता, चव नव्हती. "गरम पाणी समजून प्या," त्या म्हणायच्या. "वास आला की दार वाजवा."

बाराव्या दिवशी सकाळी मी कप तोंडाजवळ नेला आणि दार बडवायला लागलो.

"काय झालं?" त्या घाबरून बाहेर आल्या.

"आला!"

"कोण आला?"

"वास! सिस्टर, पण दूध जरा लागलंय हो."

"बघा! बारा दिवस आयती कॉफी ढोसली आणि आता नावं ठेवतोय मेला!" म्हणत त्या हसत सुटल्या. हसता हसता खोकल्या. तो खोकला जरा जास्त वेळ चालला, हे माझ्या लक्षात आलं होतं.

दोन दिवसांनी त्यांचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. माझ्या कपांमधून गेलं, स्टुलावरून गेलं की रेशनच्या रांगेतून, हा हिशेब मला आजवर लागलेला नाही.

मग पाळी माझी. त्यांच्या मापाने मी कॉफी फेटायचो, स्टुलावर ठेवायचो आणि वही घेऊन उभा राहायचो. बंद दारामागून आवाज यायचा, "शहाण्णव!" मी लिहायचो. डॉक्टरांना फोनवर सांगायचो. ते म्हणायचे, छान आहे, घरीच ठेवा. भाचीलाही मी तेच कळवायचो. "वास येतो का?" मी विचारायचो. "अजून ड्यूटीवर आला नाही," त्या म्हणायच्या. कप धुऊन परत यायचा. दिवसातून तीनदा शहाण्णव.

आठव्या दिवशी सकाळी दाराला कडी नव्हती आणि आतून उत्तरही नव्हतं. मास्क लावून मी आत गेलो. सिस्टर पलंगावर उशांना टेकून बसल्या होत्या, एका दमात चार शब्दही होत नव्हते. मी माझं मशीन काढलं.

"बोटं गार आहेत," त्या म्हणाल्या.

मी कॉफीचा कप त्यांच्या हातांत दिला आणि वरून माझे हात धरले. बोटं चांगली गरम झाली. मग मशीन लावलं. चौऱ्याऐंशी.

"सिस्टर, शहाण्णव कुठून सांगत होतात?"

"खरं सांगितलं असतं... तर तुम्ही फोन करत सुटला असता." त्या थांबल्या. "बेड आहेत कुठे? एका बेडसाठी बाहेर किती जण उभे असतात... मला माहीत आहे भाऊ."

मी फोन केले. एकोणीस. बेड मिळायला तीन तास गेले. त्या तीन तासांत मला करता येण्यासारखं एकच काम होतं, कप पुन्हा गरम करून आणणं. ॲम्ब्युलन्सची माणसं वर आली तेव्हा सिस्टरांनी दोन घोट घेतले, कप माझ्याकडे दिला आणि म्हणाल्या, "आज वास आला हो. दूध नाही लागलं तुमचं." मग जिन्याशी हात हलवून, "येते."

पाचव्या दिवशी भाचीचा फोन आला.

ती वही मी टाकलेली नाही. माझ्या पानांवरचे आकडे वरखाली होतात. त्यांच्या पानावर एकवीस वेळा शहाण्णव आहे, माझ्याच अक्षरात, एकाखाली एक. स्टोअर्समध्ये असं पान समोर आलं असतं तर मी त्या माणसाला उभं करून विचारलं असतं.

आता सकाळी मी कॉफीच पितो. आधी कप दोन्ही हातांत धरतो. वास येतो, रोज येतो. त्या दिवशी त्यांना तो खरंच आला होता, की तेही शहाण्णवच होतं, एवढं मात्र मला कोणालाच विचारता येत नाही.