हवेच्या पंपाची किल्ली

मी एका ग्रहाचा राजकीय इतिहास लिहिला आहे. ग्रह म्हणजे तसा उपग्रहच. पण सोलापुरात सांगताना मी ग्रह म्हणतो, आणि ऐकणारा भोळा निघाला तर सबंध सूर्यमाला घेतो. सहा पिढ्यांची हुकूमशाही, दोन फसलेली बंडं, एक राज्यघटना आणि तिच्या सतरा दुरुस्त्या, शिवाय प्रत्येक राज्यकर्त्याच्या मिशीची ठेवण, हे सगळं मी एकट्याने, चेन्नईत, नंगनल्लूरच्या एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर, बनियनवर बसून लिहिलं. त्या उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी इतकं तापायचं की मी नळाखाली पातेलं धरून त्यात थेट चहापत्ती टाकत असे. दूध तेवढं दुकानातून आणावं लागे.

मी मोबाइलवरचे खेळ बनवणाऱ्या कंपनीत कामाला आहे. नव्या खेळात एका चंद्रावर काचेच्या घुमटाखाली माणसांची वसाहत होती, आणि खेळणाऱ्याने तिथे बंड करायचं होतं. बंड करायचं तर आधी जुलूम हवा. ते खातं माझ्याकडे आलं. ऑफिसात माझ्या हुद्द्याला लांबलचक इंग्रजी नाव आहे. घरी मी सांगितलंय की मी इतिहास विभागाचा प्रमुख आहे. विभागात मी एकटाच असल्यामुळे हे खोटं नाही.

पहिला खर्डा मी झोकात लिहिला. लाखभर शिपाई, बर्फात कोरलेले तुरुंग, न्याहारीला एक मंत्री खाणारा राज्यकर्ता. आमची टीम लीड मदुराईची आहे आणि फार हळू बोलते. तिने सगळं वाचलं आणि विचारलं, की हे लाखभर शिपाई हवा कुठली घेतात? मी म्हटलं, तीच, घुमटातली. मग ते त्याचं का ऐकतात, असं तिने विचारलं. एका माणसाचं सगळे ऐकतात याला काहीतरी कारण लागतं, आणि ते कारण तुझ्या इतिहासात नाही. तीन आठवड्यांत कारण शोधून आण, एवढं सांगून ती जेवायला गेली.

कारण माझ्या खालच्या मजल्यावर राहत होतं.

माझे घरमालक तंजावरकडचे मराठी. त्यांच्या पूर्वजांनी महाराष्ट्र कधी सोडला ते त्यांनाही नीट माहीत नव्हतं. चेन्नईजवळच्या आवडी गावातल्या कारखान्यातून निवृत्त झालेले, पंचाहत्तरी ओलांडलेले, घरात एकटे. मी त्यांना काका म्हणायचो, ते मला तंबी म्हणायचे, म्हणजे धाकटा भाऊ. त्यांची मराठी ऐकताना वाटे, कुणी जुनी बखर तमिळ चालीवर म्हणतोय. ते आमच्या बारा घरांच्या असोसिएशनचे सेक्रेटरी होते, आणि इमारतीतली सगळ्यात जुनी माणसंसुद्धा दुसरा सेक्रेटरी पाहिल्याचं सांगत नसत.

त्यांच्या सत्तेचं मूळ एका किल्लीत होतं. पंपाच्या खोलीची ती किल्ली त्यांच्या जानव्याला बांधलेली असे. सरकारी पाणी पहाटे कधीतरी जमिनीखालच्या टाकीत यायचं, बोअरचं पाणी खारट, आणि दोन्ही कमी पडलं की लॉरी बोलवायची. कुठलं पाणी किती वर चढवायचं ते काका ओंजळीत घेऊन, चाखून ठरवत. लॉरीतल्या पाण्याचा एक घोट घेऊन ते गावाचं नाव सांगत, आणि ड्रायव्हर तिथल्या तिथे कबूल करत. मी स्वतः पाहिलंय. निदान एकदा तरी. पावणेसहाला मोटर चालू, सहाला बंद. वर चढलेलं पाणी संपायच्या आत ज्याने बादल्या भरल्या नाहीत तो आंघोळीविना ऑफिसला. एकदा कुणीतरी आपोआप चालणारं यंत्र बसवलं होतं. उंदरांनी आठवड्यात त्याच्या वायरी खाल्ल्या. उंदीर सेक्रेटरींच्या पक्षाचे, असं दुसऱ्या मजल्यावरचे डॉक्टर म्हणायचे.

दरवर्षी जुलैमध्ये असोसिएशनची सभा व्हायची. खाली पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या, पुढे मालक, मागच्या ओळीत आम्ही भाडेकरू. भाडेकरूंना मत नाही, तळलेले गरम बोंडे मात्र आहेत. सभेत काका वर्षाचा अहवाल वाचत आणि मग राजीनामा देत. दरवर्षी. तंजावरला माझी धाकटी बहीण एकटी आहे, गुडघे दोघांचेही गेलेत, तिच्याजवळ जाऊन राहायचं आहे, कुणीतरी किल्ली घ्या. इतकं बोलून ते बसत. मग सगळे जमिनीकडे बघत. चेन्नईतल्या एका पार्किंगच्या फरशीत बघण्यासारखं काय असतं, मला माहीत नाही. पण बारा घरं ती फरशी अशी न्याहाळत जणू तिच्यावर शिलालेख आहे. शेवटी डॉक्टर उठून म्हणत, सर, तुमच्याशिवाय कोण आहे. काका राजीनाम्याचा कागद घडी करून खिशात घालत, आणि कॉफी येई.

पहिल्या वर्षी हे पाहून मी मनात टाळ्या वाजवल्या होत्या. काय नाटक, म्हटलं. हुकूमशहाने असंच असावं.

तर टीम लीडने तंबी दिल्यावर मी घरी आलो आणि हे सगळं उचलून चंद्रावर नेलं. लाखभर शिपायांना एका ओळीत निवृत्त केलं, तुरुंग बुजवले. आता वसाहतीत फक्त एक प्रशासक उरला. हवेच्या पंपाची एकच किल्ली, ती त्याच्या गळ्यात. वर्षातून एकदा तो सगळ्यांना जमवून राजीनामा देतो, लोक पायाखालच्या बर्फाकडे बघतात, तो राजीनामा परत घेतो, आणि प्रत्येकाला एक वाटी गरम सूप मिळतं. सहा पिढ्या हेच. किल्ली कुणालाच नको असते, म्हणून सगळे गुलाम. घटनेत एक कलमही घातलं, की घुमटात भाड्याने राहणाऱ्याला किल्ली धरता येणार नाही. हे काकांनी मला घर देताना तोंडी सांगितलेल्या असोसिएशनच्या नियमांतून जसंच्या तसं घेतलं होतं. टीम लीडने सगळं वाचलं. मग म्हणाली, हे वाचून भीती वाटली. माझ्या आयुष्यातलं ते सर्वोच्च प्रशस्तिपत्र.

आता माझी चूक. मी खोटं मराठीतच लिहितो. इंग्रजीत मला ते जमत नाही, लगेच पकडलं जातं. म्हणून आधी मराठी, मग ऑफिससाठी भाषांतर. आणि काकांना मराठी वाचायला हवं असे. कुठलीही मराठी. मी गावाहून आणलेली दिनदर्शिका त्यांनी मागच्या चूर्णाच्या जाहिरातींसकट दोनदा वाचली होती. मग मी त्यांना वसाहतीचा इतिहास प्रकरणा-प्रकरणाने द्यायला लागलो. ते लाल पेनाने दुरुस्त करत. माझे फतवे त्यांना पोरकट वाटत; मी ‘आदेश देण्यात येत आहे’ लिहिलं की ते खोडून ‘आज्ञा जाहली असे’ करत, आणि खरंच, प्रशासक एकदम दोन वीत उंच होई. आठ प्रकरणं अशी झाली. नववं, किल्लीचं, मी द्यायचं नाही असं ठरवलं होतं. पण सवयीने सगळा गठ्ठा छापला आणि सवयीने खाली देऊन आलो. हे ऑफिसात, दुपारी, दही-भात खाताना लक्षात आलं. तो घास मी अजून गिळतोय.

सभेला चार दिवस होते. तीन दिवस ते भेटले नाहीत. सभेच्या आदल्या संध्याकाळी दुखऱ्या गुडघ्याने एक मजला चढून वर आले, खुर्चीत बसले, दम घेतला आणि पानं माझ्यापुढे ठेवली. नेहमीसारखी लाल खुणांनी भरलेली. मी घर बदलायची तयारी मनात पूर्ण केली होती. पलंग कसा उतरवायचा इथपर्यंत आलो होतो.

“तंबी, हा तुमचा प्रशासक राजीनामा देतो, तो खोटाच ना?”

“खोटाच, काका. नाटक असतं त्याचं.”

“कोण बोललं?”

“म्हणजे?”

“नाटक म्हणून कोण बोललं? तुम्ही त्यास विचारलांत?”

मी म्हटलं, मीच बनवलेला माणूस, त्याला काय विचारणार. ते थोडं हसले. मग म्हणाले, लोक खाली बघत बसतात असं तुम्ही बरोबर लिहिलंत. पण किल्ली जमिनीवर ठेवून तो निघाला तर हवा बंद पडेल, आणि पोरंबाळं आहेत घुमटात. तो जाईल कुठे, तंबी? एवढं बोलून ते उठले आणि कठडा धरून एकेक पायरी उतरत गेले.

मी पानं उलटली. नवव्या प्रकरणात शब्द फारसे बदललेले नव्हते. शेवटच्या पानावर समासात मात्र, त्यांच्या त्या सरळ, कारखान्याच्या नोंदवहीतल्यासारख्या अक्षरात, एकच ओळ होती: ‘ह्यास बहीण आहे काय?’

मी दोन वर्षं त्या घरात राहत होतो. रोज संध्याकाळी सातला खालून फोनवर त्यांचं बोलणं ऐकू यायचं. वर्षातून दोनदा ते तंजावरला पहाटेच्या गाडीने जात आणि त्याच दिवशी परत येत, कारण दुसऱ्या दिवशी पावणेसहा वाजणार असत. हे मला माहीत होतं. माहीत असून मी त्यातलं फक्त किल्लीचं तेवढं घेतलं होतं.

रविवारी सकाळी दहाला सभा. अहवाल झाला. काकांनी राजीनामा दिला, तंजावर सांगितलं, बहीण सांगितली, गुडघे सांगितले आणि ते बसले. बारा घरांनी फरशी वाचायला घेतली. इतकी शांतता झाली की परातीत बोंड्यांचं तेल निथळताना ऐकू येत होतं. डॉक्टरांनी खुर्चीच्या हातावर हात टेकले, म्हणजे आता ते उठणार. काका समोर बघत होते, माझ्याकडे नाही. त्यांचा उजवा हात कागदाकडे निघालासुद्धा होता.

मी बोलबच्चन माणूस, पण त्या वेळी तोंडातून निघालं ते एवढंच, आणि तेही माझ्या मोडक्या तमिळमध्ये: “सर पोगट्टुम.” जाऊ द्या त्यांना.

सगळ्या खुर्च्या मागे वळल्या. प्लास्टिकच्या खुर्च्या एकदम वळल्या की आगगाडी रुळावरून घसरल्यासारखा आवाज होतो. डॉक्टरांनी फार सभ्यपणे विचारलं, की मग मोटर कोण चालवणार. मी फरशीकडे पाहिलं. शपथेवर सांगतो, तिच्यावर काहीही लिहिलेलं नाही.

“मी,” म्हणालो.

पहिल्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या, भाडेकरूला सेक्रेटरी होता येतं का? नियम काय आहे? नियमावली कपाटातून आणली, तर तिची वाळवीने जाळी केलेली. मग सगळ्यांनी काकांकडे बघितलं, कारण नियम फक्त त्यांच्या डोक्यात होते. त्यांच्या, आणि माझ्या नवव्या प्रकरणात.

काकांनी चष्मा पुसला. “असा नियम नाहीं,” ते म्हणाले.

इतक्या वर्षांच्या राजवटीतली त्यांची ती शेवटची आज्ञा, आणि धडधडीत खोटी. मी खोट्याचा जाणकार आहे. इतकं स्वच्छ खोटं मला आजवर जमलेलं नाही.

किल्लीची गाठ सुटेना. वर्षानुवर्षांच्या घामाने ती दगड झाली होती. काकांनी प्रयत्न केला, डॉक्टरांनी शल्यचिकित्सेचा हात लावून पाहिला, शेवटी काकांनी दातांनी सोडवली. तेवढ्यात बोंडे गार झाले. गार बोंडे खाल्ले तरी कुणी तक्रार केली नाही, याची नोंद इतिहासात असावी म्हणून इथे करतो.

ऑफिसात मी नववं प्रकरण नव्याने लिहून दिलं. एक जण ‘जाऊ द्या’ म्हणतो आणि प्रशासक जातो. टीम लीडने ते परत केलं. हे पटत नाही, म्हणाली, सत्ता अशी कुणी सोडत नाही. त्यामुळे खेळात जुनंच राहिलं. लोक बसमध्ये, मेट्रोत, जेवणाच्या सुट्टीत त्या प्रशासकाला सुरुंग लावून उडवतात. त्याला बहीण आहे की नाही, हे खेळात विचारता येत नाही.

काका ऑगस्टमध्ये तंजावरला गेले. मी जानवं घालत नाही, म्हणून किल्ली ऑफिसच्या ओळखपत्राच्या पट्ट्याला अडकवली आहे. पाणी चाखायला शिकलो. अजून गाव सांगता येत नाही, जिल्ह्यापर्यंत आलोय. रोज पहाटे पावणेसहाला तंजावरहून फोन यायचा, चालू केलांत? सहाला पुन्हा, बंद केलांत? त्यांच्या बहिणीने एकदा मला सांगितलं, की आता त्यांनी तिच्या घरच्या नळाचंही वेळापत्रक लावलंय आणि तिच्या दोन बादल्यांना क्रमांक दिले आहेत. पण हे सांगताना त्या हसत होत्या.

काल पावणेसहाला फोन आला नाही. मोटर मी चालू केली आणि सहाच्या फोनची वाट बघत बसलो. तोही आला नाही. सव्वासहाला गच्चीवरून पाणी जिन्याने खाली यायला लागलं आणि बारा घरं दारात उभी राहिली. मी तंजावरला फोन लावला. बहिणीने उचलला. म्हणाल्या, झोपलेत अजून, उठवूं काय?

नको, म्हटलं, आणि खाली जाऊन मोटर बंद केली.