पडद्यांच्या पेजवर सरकारी पाटी

सरकारी वृत्तवाहिनीत माझं काम एकच. बातमीचा व्हिडिओ सोशल मीडियावर टाकायचा आणि ते चालवणाऱ्या कंपनीला पैसे देऊन तो लोकांच्या डोळ्यांपुढे ढकलायचा. नातेवाइकांत मात्र मी ‘आपलं काम लाखो लोक बघतात’ असं सांगत फिरायचो. उथळ पाण्याला खळखळाट फार, ते पाणी मीच.

मग कंपनीने नियम काढला. सरकारच्या ताब्यातल्या वाहिन्यांना जाहिरात बंद, शिवाय नावाखाली सरकारी असल्याची पाटी. त्यानंतर टाकलेल्या नव्या पुलाच्या व्हिडिओला एकच लाइक आलं. ते बायकोचं. माझ्या प्रत्येक व्हिडिओला ती न चुकता लाइक द्यायची, तेही फुकट.

साहेबांनी बोलावलं. “मार्ग काढा. तुम्ही यातले तज्ज्ञ ना?”

तज्ज्ञ म्हटलं की मी लगेच हरभऱ्याच्या झाडावर. बायको घरी पडदे शिवते. तिच्या पेजची जाहिरात चालू होती आणि पासवर्ड मला ठाऊक होता. तिला न विचारता मी तिथून पूल ढकलला.

दुसऱ्या दिवशी पडद्यांच्या पेजवर पाटी लागली, ‘सरकारच्या नियंत्रणाखालील माध्यम’. जाहिरातही बंद.

“अहो, माझे पडदे सरकारी कधी झाले?” तिने विचारलं. “गिऱ्हाइकं विचारतायत, आता वर्षभर थांबायचं का म्हणून.”

मी हसलो. ती हसली नाही. तिला ऑर्डरी त्या पेजवरूनच यायच्या. घर त्यांच्यावर चालतं, माझ्या पगारावर फक्त माझा तोरा चालतो. शिलाई मशीन दोन दिवस गप्प राहिलं तेव्हा माझी पाचावर धारण बसली.

‘हे पेज आमचं नाही’ असं पत्र मागायला मी साहेबांकडे गेलो. ते म्हणाले, “हे सरकारचं नाही असं सरकारनेच लिहून दिलं, तर कोण विश्वास ठेवेल?” साहेबांचं म्हणणं मला प्रथमच पटलं.

शेवटी कंपनीकडे दाद तिनेच मागितली. पेजवर काय टाकायचं ते कोण ठरवतं, असा अर्जात प्रश्न होता. तिने लिहिलं, ‘मी. नवऱ्याचं इथे काही चालत नाही.’ पुढचा प्रश्न, वाहिनीशी संबंध? तिथे ती थांबली. मोबाइलवर बराच वेळ बोट फिरवत बसली. मग लिहिलं, ‘काही नाही.’

पाटी निघाली. आतल्या खोलीत मशीन सुरू झालं आणि माझा जीव भांड्यात पडला. सवयीने मी वाहिनीच्या पेजवरचा पुलाचा व्हिडिओ उघडला. ते एक लाइकही आता नव्हतं.