एकशे त्रेसष्ट सापांचा दाखला

मॅनिटोबातल्या त्या चुनखडीच्या गावात सापाची जात एकच होती: लाल कडांचा, पट्टेरी, बिनविषारी. तरीही तीस वर्षे कुणाच्या बुटात साप निघाला, की पारास्का मावशींना बोलावणे जाई. टपाल कचेरीतून निवृत्त झालेल्या मावशी चष्मा पुसून साप हातात घेत आणि पोटाकडून वर खवल्यांच्या ओळी मोजत. पिवळा पट्टा दुसऱ्या-तिसऱ्या ओळीवर असला, की "हा आपलाच" असा निर्वाळा देत. तिसऱ्या-चौथ्या ओळीवर असता, तर जात वेगळी ठरली असती. तसा साप त्यांना आयुष्यात भेटला नव्हता. पण मोजल्यावाचून त्या कधी बोलल्या नाहीत.

मेच्या आरंभी वासिल कोस्त्युकने त्यांना बोलावले. चार वर्षे विक्रीला पडून असलेल्या त्याच्या घराला गिऱ्हाईक मिळाले होते: विनिपेगच्या शिक्षिका हिल्डा पेनर. बाईंना तळघरात साप दिसला होता आणि तो निरुपद्रवी असल्याचे त्यांना लेखी हवे होते.

मावशींनी तळघरातला दिवा लावला. सगळी जमीन वळवळत होती.

"यातला कोणता?" त्यांनी विचारले.

"मी पाहिला तो," मागून हिल्डाबाई म्हणाल्या.

"मावशी, कुठलाही उचला नि लिहून टाका," वासिल कुजबुजला. "लेक तिकडे ब्रँडन शहरात माझ्यासाठी खोली रंगवून बसलीय हो!"

"तिच्या रंगासाठी मी खोटं लिहू? बादली आण."

मोजलेले साप अंगणात सोडले, तर ते भिंतीच्या भेगेतून पुन्हा आत येत. तेव्हा हिल्डाबाईंनी पर्समधून नखांच्या रंगाची बाटली काढली आणि त्या प्रत्येक शेपटीवर ठिपका देऊ लागल्या. दुपारपर्यंत दोघींच्या अंगाला सापांचा उग्र दर्प येत होता आणि बाई स्वतःच ओळी मोजत होत्या.

"मावशी, तीन-चार!"

मावशींनी साप त्यांच्या हातातून घेतला. त्यांनी पुन्हा मोजले.

"तुम्ही पोटही मोजलंत, बाई. ते धरायचं नसतं."

दुसऱ्या दिवशी ऊन तापले आणि हिवाळा तळघरात काढलेले सारे साप उन्हाळ्यापुरते दलदलीकडे निघून गेले. मावशींनी दाखला लिहिला: 'एकशे त्रेसष्ट निरुपद्रवी. उरलेल्यांविषयी सांगता येत नाही.'

वासिलने डोक्याला हात लावला. "झालं! बुडालं माझं घर!"

"उरलेले परत कधी येतात?" हिल्डाबाईंनी विचारले.

"सप्टेंबरात."

"मग खरेदीचा कागद आणा," बाई वासिलला म्हणाल्या. "मधेच इथे दुसरं कुणी राहायला आलं, तर आमची मोजणी बिघडेल." आणि त्यांनी सही केली.