दोन वाट्या आणि चिंचोके

मुलुंडला आमच्या शेजारी एक सिंधी गृहस्थ राहायचे. फाळणीत इकडे येताना बायको वाटेतच गेली, एकटेच पोचले. मला ‘अदी’ म्हणायचे, म्हणजे त्यांच्या भाषेत ताई. बोलता बोलता मध्येच थांबायचे आणि मान वाकडी करून ऐकायचे. काय ऐकतात, ते मी कधी विचारलं नाही बाई.

कुठल्याशा देशात स्वातंत्र्यासाठी मतदान होणार असं रेडिओवर आलं, की ते ओटीवर दोन वाट्या मांडत. एक ‘हो’ची, एक ‘नाही’ची. “आम्हाला कोणी विचारलंच नाही, अदी. आता मी विचारतो.” मग आपल्या गावातल्या एकेकाचं नाव घेऊन चिंचोका टाकत. त्यातली कितीतरी माणसं केव्हाच गेलेली.

त्या संध्याकाळी आफ्रिकेतल्या एका देशाची बातमी होती. मी ओटीवर मधोमध तांदूळ निवडत बसले होते.

“राज्य आपलं होईल, पण घर जाईल, माणूस जाईल. तरी हो म्हणायचं?” ते म्हणाले.

“तुम्ही काय म्हणता?”

“आधी ती. जरा सरका अदी, तिला बसू द्या.”

मी सूप घेऊन सरकले. त्यांनी बराच वेळ ऐकलं आणि चिंचोका ‘हो’च्या वाटीत टाकला.

“बघा,” ते हळूच म्हणाले, “इतकं होऊनही.”

स्वतःचा चिंचोका मात्र त्यांच्या मुठीतच राहिला.

त्यानंतर त्या ओटीवर मी कधी मधोमध बसले नाही.