उपयोगी अपेंडिक्सचं ऑपरेशन

“अपेंडिक्स काढू देणार नाही,” काकू कुशीवर वळत म्हणाल्या. पाय पोटाशी घेतलेले, अंगात ताप. सोनोग्राफीत अपेंडिक्सच्या तोंडाशी अडकलेला खडा स्पष्ट दिसत होता.

काकू धारच्या शाळेत जीवशास्त्र शिकवून रिटायर झालेल्या. देवासहून धावत आलेला मुलगा रडवेला झाला होता. “डॉक्टर साब, आई ना, मोबाइलवर काहीतरी पढून बसलीये. कोणाची सुनतच नाही.”

अपेंडिक्स म्हणजे लहान आतडं मोठ्याला मिळतं तिथे लोंबणारी करंगळीएवढी नळी. एका टोकाला बंद. तोंड बुजलं की सूज वाढते, पू होतो आणि नळी फुटते. पू पोटभर पसरला तर माणूस जाऊ शकतो. साध्या सुजेवर कधी कधी औषधं चालतात. खडा अडकलेला असताना मी त्या भरवशावर राहत नाही.

“काकू, फार थांबता येणार नाही.”

“सगळी नोकरी मी मुलांना सांगितलं, हा अवशेषी अवयव. पूर्वजांकडून राहून गेलेला, बेकार. आता म्हणतात, बेकार नाहीच. कित्येक प्राण्यांत तो वेगवेगळा, आपापला उत्पन्न झालाय. फालतू वस्तू पुन्हा पुन्हा कशाला येईल? जुलाबात आतडं धुऊन निघालं तरी चांगले जंतू इथे वाचतात, मग परत पसरतात. विरजण आहे ते, डॉक्टर. घरातलं विरजण कोणी फेकतं का?”

“विरजण?” मुलगा गोंधळला.

“अरे, जामन!” एवढ्या दुखण्यातही काकू मुलाच्या मराठीवर चिडल्या.

मला हसू आलं, आणि धास्तीही वाटत होती. बाई चुकीचं बोलत नव्हत्या. पुरतं सिद्ध झालेलं नसलं तरी शास्त्रज्ञांचा तर्क साधारण हाच आहे. चुकीचं बोलणाऱ्याला समजावता येतं. बरोबर बोलणाऱ्याला टेबलावर कसं घ्यायचं, हे कॉलेजात शिकवत नाहीत.

“विरजण नासलं तर काय करता?” मी विचारलं.

“फेकते. शेजारून आणते.”

“मग? चांगले जंतू बाकीच्या आतड्यातही आहेत. अपेंडिक्स काढलेली माणसं ठणठणीत जगतात.”

“तरी निसर्गानं काही विचार करूनच...”

“निसर्ग विचार करत नाही, हे तुम्हीच शिकवलंत ना? बहुतेक जण तगले की त्याचं भागलं. बाकीच्यांत कोण गेलं, त्याला पत्ताही नसतो. माझ्यापुढे मात्र तुम्ही एकट्याच आहात.”

काकूंनी मुलाचा हात घट्ट धरला. मग म्हणाल्या, “काढा. पण काढल्यावर मला दाखवा.”

ऑपरेशन दुर्बिणीतून केलं. टोक काळं पडलेलं, भिंत पातळ झालेली. चिमटा लावताना मी श्वास रोखून धरला होता. फुटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांच्यापुढे अपेंडिक्सची बाटली धरली. चष्मा मागवून त्यांनी ते बराच वेळ पाहिलं. डोळे भरून आले.

“बिचारं,” म्हणाल्या. “जन्मभर याला बेकार म्हटलं. कामाचं निघालं, तर कापावं लागलं.”

कुठला अवयव कशासाठी, यावर मी कुणाशीही तासभर बोलायला तयार असतो. माझा आवडता विषय आहे. फक्त तेव्हा तो अवयव समोरच्याच्या पोटात सुजलेला नसावा.