गाळलेले तीन स्वर

अमेरिकेतल्या ट्रॉय गावातल्या एका पबात दर रविवारी दुपारी आठ-दहा माणसं गोल बसून आयरिश चाली वाजवायची. त्यांचा म्होरक्या एक निवृत्त शिक्षक. उजवीकडे बियरचा ग्लास, डावीकडे जाडजूड फाइल. फाइलीत शेकडो चालींची नोटेशन्स, आणि त्या सगळ्या आपणच जन्माला घातल्यासारखा चेहरा. या माणसाने चारचौघांत माझ्या गुरूला चूक ठरवलं. ते मी अजून विसरलेलो नाही.

भांडण एका जिगवरून झालं. जिग म्हणजे सहा मात्रांची नाचाची चाल. आपल्या कानाला सरळ दादरा. ती मला माझ्या घरमालकाने शिकवली. २००१ साली नोकरी गेली तेव्हा मी त्या आयरिश म्हाताऱ्याच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होतो. साताऱ्याच्या क्लासात मांडी घालून शिकलेलं व्हायोलिन वाजवत बसायचो. एक दिवस तो जिना चढून वर आला. मला वाटलं, तक्रार असणार. तर त्याच्या हातात त्याचं फिडल, म्हणजे व्हायोलिनच. पुढे मी बंद पडलेल्या वर्कशॉपमधली जुनी मशिनं घेऊन विकायला लागलो, स्वतःचं घर केलं, पण त्याच्याकडे जाणं तो वारेपर्यंत सुटलं नाही.

जिगचे दोन भाग, प्रत्येक दोनदा वाजवायचा. दुसरा भाग दुसऱ्यांदा वाजवताना तो एका जागी तीन स्वर गाळायचा. मी मात्रा मोजल्या होत्या. अर्धं आवर्तन कमी भरत होतं. जुनं लेथ घेताना मी मालकाला स्क्रू न् स्क्रू उघडायला लावतो. इथे मात्र तोंडातून एक प्रश्न निघाला नाही. गुरू गाळतो म्हणजे ती घराण्याची खासियत, असं आपल्या डोक्यात बसलेलं. मी वहीत सरगम लिहिली आणि त्या जागेभोवती लाल चौकट काढली.

तो गेल्यावर मी पबात ती जिग वाजवली आणि सगळ्यांच्या तीन मात्रा पुढे निघून गेलो. म्होरक्याने हात वर करून सगळ्यांना थांबवलं.

"घाई करतोयस."

"घाई नाही. मला अशीच शिकवलीय."

"मग शिकवणाराच चुकला." त्याने फाइल माझ्या नाकासमोर धरली. "हे तीन स्वर नसलेलं एक रेकॉर्डिंग आण. फक्त एक. नाहीतर इथे बसायचं तर यात आहे तसं वाजव."

मला बोलला असता तर मी घासाघीस केली असती. म्हाताऱ्याला बोलला. मी व्हायोलिन पेटीत घातलं आणि बाहेर पडलो. पार्किंग लॉटमध्ये मराठीत जे बोललो ते लिहिण्यासारखं नाही.

मग वर्षभर पुरावा शोधला. लायब्ररीतून सीडी मागवल्या, जुन्या पुस्तकांच्या झेरॉक्स काढल्या, एका संग्राहकाला फोनवरून रेकॉर्ड वाजवायला लावली. प्रत्येक आवृत्ती सहा-सहा रकान्यांत सरगम करून उतरवली. कोणी शुद्ध निषाद घेई, कोणी कोमल; ते तीन स्वर मात्र सगळीकडे ठाण मांडून बसलेले.

"अहो, सगळं जग चूक आणि तुम्ही दोघंच बरोबर?" बायको म्हणाली.

"तो बरोबर. मी फक्त त्याच्या मागे."

"आणि तो कोणाच्या मागे?"

हा प्रश्न मला सुचायला हवा होता.

म्हाताऱ्याची मुलगी घर विकायला आली तेव्हा तिने गॅरेजमध्ये सामान मांडलं. जुन्या रेकॉर्डचं एक खोकं मी बाजूला ओढलं आणि सवयीने खोट काढायला लागलो: खोक्याला ओल लागलीय, कव्हरं फाटलीत.

"काका, असंच घेऊन जा," ती म्हणाली. आमच्या घरी येऊन येऊन ती 'काका' म्हणायला शिकली होती. भाव पाडायचा आनंदही गेला. "डॅड या रेकॉर्डवरूनच शिकले. बेसमेंटमध्ये बसून, एकटे. शिकवणारं कोणी नव्हतंच."

घरी येऊन ती जिग लावली. दुसरा भाग, दुसऱ्यांदा. खट्. सुई उडाली आणि तीन स्वर ओलांडून पुढे पडली. रेकॉर्ड उजेडात धरली तर नखाला लागेल एवढा आडवा ओरखडा.

"घराण्याची खासियत!" बायको सोफ्यावर आडवी होऊन हसत होती.

माझ्या धंद्यात 'ॲज इज' अशी चिठ्ठी लावून माल विकतात. आहे तसा घ्या, मागाहून बोलायचं नाही. मी ती रेकॉर्ड कॅसेटवर उतरवली आणि रविवारी म्होरक्यासमोर ठेवली.

"एक म्हणाला होतास. ही घे. ॲज इज."

त्याने डोळे मिटून ऐकलं. खरखर होती, खट् त्यातच बुडालं. "फार जुनी पद्धत," तो हळूच म्हणाला. "पुस्तकं लिहिणाऱ्यांनी नंतर सरळ करून टाकली असणार." आणि पेन काढून फाइलीतले तीन स्वर खोडले.

तेव्हापासून सगळे मिळून ते स्वर गाळतात. आता मला मात्र रोज ती मोकळी जागा टोचायला लागली. गेल्या रविवारी बोटं आपोआप गेली आणि मी ते तीनही वाजवले. मी एकटा मागे राहिलो.

म्होरक्याने हात वर केला, सगळ्यांना थांबवलं, आणि फाइल उघडून माझ्या नाकासमोर धरली.